जर्मन मेजवानीतल्या आंबटाचा माग

जर्मनीत उत्तम जेवण कुठे मिळते असे विचारले, तर जाणकार माणसे बर्लिन-म्युनिकच्या आधी बऱ्याचदा बायर्सब्रॉनचे नाव घेतात. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात, मुर्ग नदीच्या खोऱ्यात वाड्यावाड्यांतून विखुरलेले हे गाव. वस्ती सुमारे पंधरा हजार. एवढ्याशा गावात मिशेलिन मार्गदर्शकाचे तीन तारे मिळवलेली दोन रेस्टॉरंटे आहेत: ट्राउबे टोनबाख या हॉटेलातले श्वार्त्सवाल्डश्टूबे आणि हॉटेल बाराइसमधले रेस्टॉरंट बाराइस. दोन्ही हॉटेले घरची, पिढ्यान्‌पिढ्या एकेका कुटुंबाने चालवलेली. ट्राउबे टोनबाखचा आरंभ १७८९चा, फिंकबाइनर कुटुंबाचा. बाराइस १९५१ साली हेर्मिने बाराइस यांनी सुरू केले. त्यांचे पती युद्धात गेले होते.

हे गावात कसे जमले, याचे उत्तर हॉटेलात आहे. तीन ताऱ्यांच्या स्वयंपाकघराला पाहुण्यांच्या मानाने माणसे फार लागतात. टेबले मोजकी, आणि एका संध्याकाळी एका टेबलावर एकच मंडळी बसतात. ती उठल्यावर दुसरी बसवायची नसतात. तळघरातली वाइन वर्षानुवर्षे पडून असते, म्हणजे पैसाच पडून असतो. नुसते रेस्टॉरंट चालवणाऱ्याला हा सगळा खर्च ताटातूनच काढावा लागतो. हॉटेलवाल्याला खोल्यांचे भाडे मिळते, स्पा असतो, जेवायला आलेला माणूस दोन रात्री राहतो, डोंगर फिरतो. धुलाई, बेकरी, शिकाऊ मुले सगळ्या घरात वाटली जातात. बाराइसने तर बुलबाख इथे स्वतःचे ट्राउट माशांचे तळे ठेवले आहे. जर्मनीतली बरीच नावाजलेली स्वयंपाकघरे हॉटेलांच्या छपराखाली का सापडतात, ते यावरून कळावे. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाशेजारचे आडलोन, हॅम्बुर्गचे फिअर यारेसत्साइटन, वोल्फ्सबुर्गमधले मोटारींच्या कारखान्यालगतचे रिट्झ-कार्लटन, सगळीकडे हिशेब साधारण हाच.

या हॉटेलांत पूर्वी मोठे जेवण म्हणजे फ्रेंच जेवण होते. १९७१ साली म्युनिकमध्ये बांधकाम व्यावसायिक फ्रित्स आइखबाउअर यांनी टांट्रिस नावाचे रेस्टॉरंट उघडले आणि त्याचे स्वयंपाकघर एकार्ट वित्सिगमन या तरुण ऑस्ट्रियन शेफच्या हाती दिले. वित्सिगमन अल्सासमध्ये हेबर्लिन बंधूंकडे आणि पॉल बोक्यूज यांच्याकडे शिकून आलेले. पुढे त्यांनी स्वतःचे ओबर्जीन काढले आणि १९७९मध्ये त्याला तीन तारे मिळाले. जर्मनीतल्या कुठल्याही रेस्टॉरंटला मिळालेले ते पहिले तीन तारे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत हाराल्ड वोल्फार्ट होते, ज्यांनी श्वार्त्सवाल्डश्टूबेला १९९२मध्ये तीन तारे मिळवून दिले आणि २०१७पर्यंत तिथला चुलाणा सांभाळला. या पिढीने जर्मनीला नीट स्वयंपाक करायला शिकवले, याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण त्यांच्या कामाला लागणारे लोणी, कोंबडी, मासे, पालेभाज्या पॅरिसजवळच्या रुंजिसच्या घाऊक बाजारातून ट्रकने येत. कारण तसा माल घराजवळ मिळत नसे. हात जर्मन, माल फ्रेंच, पदार्थही फ्रेंच.

आधुनिक जर्मन पाककला नंतरच्या पिढीने घडवली. फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या या हातांनी आजीच्या तळघरातल्या बरण्या उघडल्या. तळघरात होते काय? मिठात आंबवलेल्या कोबीचे पिंप, काकडीच्या बरण्या, व्हिनेगरात मुरणारे मांस, धुरी दिलेला मासा, वर राय धान्याची काळपट पावरोटी. या सगळ्यांना जोडणारी एक चव आहे, आणि ती आंबट आहे.

मला हाच या जेवणाचा खरा धागा वाटतो. या देशात लिंबू पिकत नाही. हिवाळा लांब, ताज्या भाज्या वर्षातले काही महिनेच. म्हणून उन्हाळ्यात आलेले पीक आंबवून, व्हिनेगरात घालून, सुकवून पुढच्या वसंतापर्यंत पुरवायचे. कोकणात मासळीला नि सोलकढीला आमसूल जे देते, ते इथे एकटे कोणी देत नाही. कोबीतले दुग्धाम्ल, सफरचंदाचे आणि वाइनचे व्हिनेगर, ताक, कच्च्या द्राक्षांचा रस, र्‍हुबार्बचे देठ, समुद्राकाठची झांडडोर्नची नारिंगी फळे असे अनेकजण ते काम वाटून घेतात. बर्लिनमधल्या नोबेलहार्ट उंड श्मुत्सिग या रेस्टॉरंटने २०१५ साली उघडतानाच ठरवून टाकले, की लिंबू, काळी मिरी, चॉकलेट, ऑलिव्ह तेल यांतले काही वापरायचे नाही. आजूबाजूच्या प्रदेशात येते तेवढेच. ते हॉटेलातले नाही आणि त्याचा नियम टोकाचा आहे, पण त्याने मांडलेला प्रश्न आता मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतही विचारला जातो: लिंबू काढून घेतले तर आंबट कशाने आणाल? संध्याकाळभर पुढे येणाऱ्या ताटल्यांत या प्रश्नाची उत्तरे ओळखत गेलात, तर हे जेवण उलगडत जाते.

आता संध्याकाळ पहिल्यापासून पाहू. ती सुरू होते आरक्षणापासून, आणि आपल्याकडच्या पाहुण्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. अशी रेस्टॉरंटे आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद असतात, बहुतेक रविवार-सोमवारला धरून. बरीचशी फक्त रात्रीच उघडतात. आरक्षण संकेतस्थळावरून होते, क्रेडिट कार्डाचा क्रमांक घेतला जातो आणि न कळवता आला नाहीत तर माणशी पैसे कापले जातात. ठरलेल्या पदार्थांचा मेनू, म्हणजे पाच-सहापासून आठेक ताटल्या; तीन ताऱ्यांच्या ठिकाणी त्याची किंमत माणशी दोनशे युरोंच्या बरीच वर, काही ठिकाणी तीनशेहूनही जास्त, आणि वाइन त्यावर वेगळी.

आरक्षण करतानाच आपले खाणे नीट लिहून कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, कारण जर्मनीत शाकाहारी माणूस अंडे खातो हे गृहीत असते. अंडे चालत नसेल तर तसे स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट म्हणजे हाडांचा अर्क. या स्वयंपाकघराचा पायाच अर्क आहे. भाजलेली हाडे, कांदा, गाजर, सेलेरीचा कंद तासन्‌तास उकळून, गाळून, आटवून तो करतात आणि भाजीच्या पदार्थातही एखादा चमचा जातो. लाल कोबीच्या भाजीत परंपरेने हंसाची चरबी असते. आंबट कोबीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात. गोड पदार्थात जिलेटिन असू शकते. बहुतेक जुन्या चिजांत वासराच्या पोटातले रेनेट असते. हे सारे त्यांच्या डोळ्यांना मांसाहारात मोडतेच असे नाही, म्हणून आपणच सांगावे लागते. गोमांस किंवा डुकराचे मांस नको असेल तर तेही. जैन पद्धतीने कांदा, लसूण, कंद वर्ज्य असतील तर चार-पाच दिवस आधी लिहा. आयत्या वेळी टेबलावर सांगितले, तर चांगला शेफही फक्त पदार्थ काढून घेऊ शकतो, त्या जागी नवा उभा करू शकत नाही, कारण अर्क कालपासून चुलीवर असतो. आधी कळवले तर मात्र ही मंडळी मनापासून काम करतात. भाजलेला कांदा, मशरूम आणि सेलेरीचा कंद आटवून केलेला गडद रस मांसाच्या रसाच्या तोडीचा असतो. मिठाच्या जाड कवचात अख्खा भाजलेला सेलेरीचा कंद किंवा लोण्यात हळू शिजवलेला नवलकोल पानात मधोमध येतो, तेव्हा तो कोणाचा बदली म्हणून आलेला वाटत नाही. जर्मन माणसाचे नवलकोलावर फार प्रेम आहे, आणि या स्वयंपाकघरांनी त्याला मानाची जागा दिली आहे.

कपड्यांचे फार मनावर घेऊ नका. बंद गळ्याचा सदरा, नीट शिवलेली पँट, साडी, सलवार-कमीज, सगळे चालते. कोट-टायची सक्ती आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. वेळ मात्र पाळा. सातचे आरक्षण म्हणजे सातच, कारण स्वयंपाकघर तुमच्या टेबलाची पहिली ताटली त्या हिशेबाने लावून बसलेले असते. उठायला अकरा वाजतील असे धरून चला.

बसल्यावर आधी पाण्याबद्दल विचारतात: बुडबुड्यांचे की साधे. दोन्ही बाटलीतले आणि दोन्हींचे पैसे पडतात. नळाचे पाणी मागितल्याशिवाय येत नाही. मग झेक्ट, म्हणजे जर्मनीची फसफसती वाइन. दारू घेत नसाल तर संकोचाने कोकाकोला मागू नका. अलीकडे बिनदारूच्या पेयांची वेगळी साखळी प्रत्येक ताटलीबरोबर मिळते आणि तिच्यावर वाइनइतकेच कष्ट घेतलेले असतात. श्वेबिश आल्बच्या पायथ्याशी श्लाट गावात योर्ग गायगर हे जुन्या बागांतल्या पेअर आणि सफरचंदांपासून, त्यांत औषधी पाने आणि मसाले घालून, अशी पेये बनवतात. ती जर्मनीतल्या अनेक मोठ्या हॉटेलांत मिळतात. या पेयांत साखर पुढे येत नाही. तुरट आणि आंबट पुढे येते, म्हणूनच ती जेवणाबरोबर चालतात.

मेनूचे कार्ड हाती आल्यावर नवा माणूस थोडा गोंधळतो. त्यावर पदार्थाचे नाव नसते. ‘झाइबलिंग, काकडी, ताक, शेपू’ असे चार शब्द असतात, बस. झाइबलिंग हा ट्राउटच्या कुळातला थंड पाण्यातला मासा. शिजवण्याची रीत कार्डावर सांगत नाहीत, ती वाढपी बोलून सांगतो, आणि त्याला प्रश्न विचारलेले आवडतात. शेंगदाणे, मोहरी, तीळ, ग्लुटेन यांसारख्या चौदा गोष्टी पदार्थात असल्या तर पाहुण्याला कळवणे युरोपीय कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून अ‍ॅलर्जीबद्दल विचारले की उत्तर नेमके मिळते.

सुरुवातीला न मागवलेले दोन-तीन घास येतात. स्वयंपाकघराकडून नमस्कार म्हणून ते पाठवायची इथे पद्धत आहे. त्यांतच आंबटाची पहिली खूण भेटते: मोहरीच्या दाण्यांसह मुरलेली काकडी, पातळ कापून व्हिनेगरात टाकलेला मुळा, धुरी दिलेल्या ईल माशावर सफरचंदाची आंबट गोळी. चमचाभर खाल्ले की तोंडाला पाणी सुटते, आणि पुढच्या तीन तासांसाठी ते सुटणे गरजेचे असते.

मग पावरोटी, लोण्यासह. तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जर्मन ब्रेड ही या देशाची सगळ्यात थोर पाककृती आहे असे मला वाटते. २०१४मध्ये ब्रेडची संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि ते हवा धरून ठेवते. राय धान्यात तसे जाळे होत नाही. तिथे पाणी धरून ठेवायचे काम पेंटोसान नावाचे चिकट पदार्थ आणि स्टार्च करतात. अडचण अशी, की रायच्या पिठात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात आणि भट्टीत कणिक तापत असताना ती जोरात कामाला लागतात. स्टार्च तुटला की आतला गर ओला, चिकट राहतो, सुरी चालवली तर तिला चिकटतो. आम्लाने ही एन्झाइम्स मंदावतात. म्हणून रायच्या पिठाला आंबवण आवश्यक ठरते: पीठ-पाणी एकत्र करून जंतूंना दुग्धाम्ल आणि व्हिनेगरातले आम्ल तयार करू द्यायचे, आणि ते विरजण पुढच्या खेपेला लावायचे. आंबटपणा इथे चवीसाठी आलेला नाही, त्याच्याशिवाय रोटी उभीच राहत नाही. नंतर माणसांना ती चव आवडू लागली. हॉटेलातली रोटी भट्टीतून काढून काही तास निवू दिलेली असते, वरचे कवच करकरीत आणि जवळजवळ काळे, आणि वास शहाजिऱ्याचा. पोट भरेल या भीतीने ती टाळू नका.

माशाची ताटली आली की ताकाचे काम दिसते. झाइबलिंगचा तुकडा मंद आचेवर, मांस जेमतेम घट्ट होईल एवढाच शिजवलेला. भोवती ताकाचा पांढरा रस आणि त्यात शेपूच्या तेलाचे हिरवे थेंब. ताक उकळले की फाटते, म्हणून ते कोमटच ठेवतात. शेपू क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून, बर्फात गार करून, तेलात गरम-गरम वाटतात आणि कपड्यातून गाळतात. पानांचा हिरवा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून थेंब इतके ठळक दिसतात. तेल आणि ताक एकजीव करायचे नाही. चमच्यात एकदा ताक जास्त येते, एकदा तेल, आणि प्रत्येक घास थोडा वेगळा लागतो. झांडर हा नदीतला मासा असेल तर आंबट कोबीच्या रसात लोणी फेटून केलेले सॉस येते. तो कोबी बारीक चिरून, किलोला वीस ग्रॅमच्या आसपास मीठ लावून, दाबून ठेवलेला असतो. मिठाने सुटलेल्या पाण्यात आधी सौम्य आम्ल करणारे जंतू वाढतात, आम्ल वाढले की ते मागे पडतात आणि अधिक आम्ल सोसणारे दुसरे जंतू काम पुरे करतात. चार-सहा आठवडे लागतात. मोठा शेफ हा कोबी धुऊन त्याचा आंबटपणा घालवत नाही. तो त्यातला रस काढून आटवतो आणि लोण्याने त्याची धार बोथट करतो.

आंबट पालेभाजीचे उदाहरण म्हणजे फ्रँकफुर्टचे हिरवे सॉस. सात पाने: पार्स्ली, चाइव्ह, शर्विल, हालिमच्या जातीची क्रेस, बोराज, पिंपिनेले आणि चुक्याच्या जातीचा सॉअराम्फर. ही पाने बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवतात, आणि उकडलेली अंडी व बटाट्यांबरोबर खातात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तर हमखास. वोल्फ्सबुर्गच्या रिट्झ-कार्लटनमधल्या ‘आक्वा’ या रेस्टॉरंटचे शेफ स्वेन एल्व्हरफेल्ड हे फ्रँकफुर्टशेजारच्या हानाऊचे. तीन ताऱ्यांच्या त्या रेस्टॉरंटात त्यांनी हेच घरगुती सॉस म्युरित्सच्या कोकराच्या कोमट मांसाबरोबर, बटाटा आणि अंड्यासह पानात आणले, आणि ती त्यांची ओळख बनली. सगळे घटक घरचेच. पण अंड्याचा मऊपणा, बटाट्याचा पोत, सॉसचा गारवा या प्रत्येकाकडे वेगळे लक्ष दिलेले. खिडकीबाहेर फोक्सवॅगनच्या वीजघराची चार धुरांडी, आत टेबलावर गावाकडच्या गुरुवारचे सॉस. आधुनिक जर्मन जेवण कुठून आले ते सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

वसंतात गेलात तर पांढरा अ‍ॅस्परॅगस भेटेल. मातीचा उंच वरंबा चढवून कोंबाला उजेड लागू देत नाहीत, म्हणून तो पांढरा. परंपरेने २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, काढणी थांबते, कारण उरलेल्या उन्हाळ्यात झाडाला फांद्या फुटून मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठवायची असते. त्या तारखेनंतर चांगल्या हॉटेलात तो मेनूवर दिसणार नाही, आणि विचारलात तरी आणून देणार नाहीत.

मांसाच्या ताटलीत परंपरेचे सगळ्यात जड नाव म्हणजे सॉअरब्राटन. व्हिनेगर, वाइन, कांदा, तमालपत्र, लवंग आणि ज्युनिपरची फळे यांच्या पाण्यात मांस काही दिवस मुरवायचे आणि मग झाकून शिजवायचे. आम्लाने स्नायूंचे तंतू फुगतात, पाणी अधिक धरून ठेवतात. पण आम्ल आतवर हळू शिरते, त्यामुळे फार दिवस ठेवले तर बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो. घरच्या सॉअरब्राटनची ही नेहमीची तक्रार. आधुनिक स्वयंपाकघर त्यावर असा तोडगा काढते: बैलाचा गालाचा भाग घ्यायचा, ज्यात चिवट ऊती भरपूर असतात, थोडाच वेळ मुरवायचा, मग पिशवीत हवाबंद करून सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवायचा. एवढ्या मंद आचेत चिवट ऊतींचे जिलेटिन होते, आणि मांस चमच्याने तुटते तरी कोरडे पडत नाही. आंबटपणाची जबाबदारी मांसावरून काढून सॉसवर दिली जाते. मुरवणाचे पाणी उकळून, वरचा फेस काढून, भाजलेल्या हाडांच्या अर्काबरोबर आटवतात. ऱ्हाइनकाठी त्यात मनुका पडतात, फ्रांकेनमध्ये मसाल्याचा केक कुस्करून घालतात; गोडाने आंबट तोलले जाते. गोमांस नको म्हणून आधी कळवले असेल, तर ब्लॅक फॉरेस्टमध्ये त्या जागी बहुधा जंगलातल्या हरणाचे मांस येईल, ज्युनिपर आणि लिंगॉनबेरीच्या आंबटगोड फळांसह. ही फळे पाहूनही तोच तोल ओळखता येतो.

सॉस टेबलावर येऊन ओततात, याला कारण आहे. आधीच ओतले तर मांसावरचे कुरकुरीत कवच वाटेतच नरम पडते, आणि वाफेबरोबर उठणारा वास तुमच्याऐवजी स्वयंपाकघरात विरतो. सॉससाठी एक चपटा चमचा मांडलेला असतो. तो वापरा. उरलेले सॉस ब्रेडने पुसून खाल्ले तरी कोणी भुवई उंचावत नाही. जर्मन माणसाला जेवणात सगळ्यात प्रिय काय असेल तर ते सॉस.

एवढ्या आंबट जेवणाला पेयही तसेच लागते, आणि ते इथल्या डोंगरउतारांवर पिकते. रीझलिंग द्राक्ष पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, थंडीच्या काठावर वाढते. रात्री गार असतात, म्हणून पिकतानाही द्राक्षातले आम्ल शाबूत राहते. मोझेल नदीकाठच्या उतारांवर पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो. यातले काही उतार इतके उभे आहेत की तिथे यंत्र चालत नाही, हातानेच काम करावे लागते. बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिले असेल तर साखर लिटरला जास्तीत जास्त नऊ ग्रॅम, म्हणजे जिभेला कोरडी. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ हे शब्द काढणीच्या वेळी द्राक्षात साखर किती होती ते सांगतात. वाइन गोड असेलच असे त्यातून निघत नाही. मोझेलची बिनकोरडी काबिनेट मला या जेवणाबरोबर फार आवडते. अल्कोहोल आठ-नऊ टक्केच, थोडी साखर, आणि त्या साखरेला उभे धरणारे भरपूर आम्ल. वाइनच्या जाणकाराला, म्हणजे सोमेलिएला, दोनच गोष्टी सांगा: कोरडी हवी की किंचित गोड, आणि बाटलीमागे किती खर्च करायचा. किमतीचा आकडा बोलायला लाज वाटत असेल तर यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवा. त्याला कळते.

गोडाच्या ताटलीत आंबट सगळ्यात मोकळेपणाने वावरते. बाल्टिक समुद्राच्या वाळूत झांडडोर्नची काटेरी झुडपे वाढतात. फळे इतकी नाजूक आणि फांदीला घट्ट, की हाताने तोडताना फुटतात. म्हणून फांद्याच कापून गोठवतात आणि मग झटकून फळे पाडतात. त्यांच्या रसाचा गोळा मलईदार क्वार्क चिजाशेजारी ठेवला, की लिंबाची आठवण येत नाही. ब्लॅक फॉरेस्टमध्ये असाल तर चेरीचा केक कुठल्यातरी रूपात येईलच: कधी आंबट चेरीचे सॉर्बे, कधी चेरीच्या दारूचा फेस, कधी चॉकलेटचे पातळ पापुद्रे आणि मधे साय. जुन्या केकची चव त्या चारही गोष्टींतून तोंडात पुन्हा जुळते. दारू वर्ज्य असेल तर हाही पदार्थ आधीच सांगायच्या यादीत घालावा, कारण चेरीची ती दारू शिजवून उडवलेली नसते.

कॉफीबरोबर चॉकलेटांची पेटी येते. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. न मागता बिल ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे. सेवा कायद्याने किमतीतच धरलेली असते, तरी पाच ते दहा टक्के वर द्यायची रीत आहे. ती टेबलावर टाकून जायची नसते. कार्ड घेऊन वाढपी समोर उभा असतो, तेव्हा एकूण किती घ्यायचे ते त्याला तोंडाने सांगायचे. हॉटेलातच मुक्काम असेल तर सारे खोलीच्या खात्यावर लिहिता येते, आणि रात्री अकरा वाजता डोंगरातल्या रस्त्यावर गाडी चालवायचा प्रश्न उरत नाही. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम करणाऱ्यांना बऱ्याच गावांत कोनुस नावाचे कार्ड मिळते. त्यावर त्या भागातल्या बस आणि स्थानिक गाड्या फुकट. कार्ल्सरूहेकडून मुर्गच्या खोऱ्यातून येणारी गाडी थेट बायर्सब्रॉनला थांबते.

म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफुर्टमध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि लग्नाच्या वाढदिवसाला, आईबाबा आले म्हणून, अशा जेवणाचा बेत करतात. त्यांना एक सुचवीन. मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशी त्याच परिसरात साधे जेवण जेवा. बाराइससारख्या हॉटेलात तारांकित दालनाबरोबर डोर्फश्टूबेनसारखी लाकडी बैठकीची खोलीही असते, जिथे गावाकडचे पदार्थ गावाकडच्या रीतीने वाढतात. आधी तिथला व्हिनेगरातला बटाटा, लोण्यात परतलेला तळ्यातला ट्राउट, आंबट कोबी चाखलेला असला, की दुसऱ्या रात्री चार शब्दांच्या कार्डावरून आलेली ताटली कशाला उत्तर देते आहे ते पहिल्या घासाला कळते. आईबाबांनाही आदल्या दिवशीच्या चवीची ओळख झालेली असते, त्यामुळे ते नव्या ताटलीपुढे बिचकत नाहीत. आरक्षण तिथेही करून ठेवलेले बरे, आणि अंड्याचे, हाडांच्या अर्काचे तिथेही सांगावे.